बसून, उठून, ढकलून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात सायकल चालवायची म्हटलं, की ऐकणारा आधी आपल्या पायांकडे बघतो आणि मग तोंडाकडे. 'तिथे नुसते चढ. मांड्या भरून येतील,' असं वर सांगतो. हा माणूस बहुधा मुंबई-गोवा महामार्गानं गाडीतून गेलेला असतो, नाहीतर एसटीच्या खिडकीतून त्यानं वळणं मोजलेली असतात. त्याचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. आपल्या किनाऱ्यावर असे रस्ते आहेत, की सात वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी तिथे बरोबरीनं सायकल मारू शकतील. आणि त्याच रस्त्याला लागून, पुढच्या वळणावर, असा चढ आहे की तरण्या माणसानंही गुपचूप खाली उतरावं. यातला आपला तुकडा कुठला, हे ओळखायचं कसं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

हे ज्ञान मला एका पाववाल्याकडून मिळालं. कोकणातल्या कितीतरी गावांत पाव अजून सायकलवरून येतो. मागे कॅरियरवर मोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीतून फजरच्या अजानच्या सुमारास या सायकली बाहेर पडायच्या. पाव, बटर, खारी, नानकटाई. त्यातल्या एका वयस्कर मामूंना मी विचारलं, "तुमची फेरी किती किलोमीटरची हो?" त्यांनी किलोमीटर सांगितलेच नाहीत. म्हणाले, "पुलापर्यंत बसून. पुलापासून मशिदीपर्यंत उठून. तिथून वर ढकलून. मग सडाभर परत बसून."

बसून म्हणजे सीटवरून न उठता जाता येईल तो रस्ता. उठून म्हणजे पायडलवर उभं राहून जोर लावावा लागेल तो. ढकलून म्हणजे काय ते सांगायला नको. परदेशात डोंगरातल्या सायकलवाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग देतात, सोप्यापासून अवघडापर्यंत. मामूंची मोजणी मला त्याहून बरी वाटते, कारण ती रस्त्याइतकीच चालवणाऱ्याचीही आहे. त्यांच्या नातवाला जो रस्ता बसून जमेल तो त्यांना उठून, आणि मला, गुडघ्याची तक्रार सुरू झाल्यापासून, ढकलून.

आता हे चढ आणि ही सपाटी अशी आलटून पालटून का येते, तेही पाहू. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या आपल्या नद्यांना समुद्र गाठायला फार लांब जावं लागत नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, एकीमागून एक सगळ्या पश्चिमेला धावतात आणि समुद्राजवळ पोचल्या की त्यांची खाडी होते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचं पठार उरतं. त्याला आपण सडा म्हणतो. सडा वरून बराचसा सपाट आणि कडेला उभा. गावं वसली ती सड्याच्या पायथ्याशी, पुळणीच्या पाठीमागे, जिथे गोडं पाणी लागतं आणि नारळी-पोफळी तग धरते. त्यामुळे किनाऱ्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळावा लागतो. खाडीवरून सड्यावर चढायचं, सडा ओलांडायचा, पलीकडच्या गावात उतरायचं, गाव संपलं की पुन्हा खाडी. उंची फार नसते, शंभर-दीडशे मीटरच्या आतबाहेर. पण दिवसात असे चार सडे झाले, की बेरीज घाटाएवढी होते.

एवढं ध्यानात आलं, की नकाशा वाचता येतो. पुळणीला समांतर, वाडीतून जाणारा रस्ता दिसला की तो बसून जाण्याचा. सड्यावरचाही बसून, मात्र तिथे सावली नाही आणि पाणी नाही. खाडीवरून सड्याला भिडणारा तुकडा तेवढा उठून नाहीतर ढकलून. ज्याला जेवढं झेपेल त्यानं तेवढाच तुकडा घ्यावा. रेवसपासून रेडीपर्यंत सगळा किनारा एका दमात केला तरच सायकल चालवली, असं काही नाही.

अगदी नवख्यांसाठी उत्तरेचं टोक सोपं. अलिबागच्या बाजूला किनाऱ्याची सपाटी रुंद आहे. मुंबईकरांना तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून मिळाली आहे, तिच्यावर सायकल चढवता येते. मांडवा, किहीम, वरसोली करत अलिबाग साधारण वीस किलोमीटर. पुढे नागाव, चौल, रेवदंडा हे सतरा-अठरा. हा दुसरा तुकडा मला जास्त आवडतो, कारण बराचसा रस्ता पोफळीच्या सावलीतून जातो. चौल हे एकेकाळचं मोठं बंदर. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटाच्या भिंती आहेत. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून पलीकडे कोर्लईला गेलात, तर तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून जन्मलेली बोली अजून घरात बोलली जाते. तिथून काशीदकडे मात्र चढ सुरू होतात. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारींची रांग असते. लेकरांना घेऊन जायचं असेल तर मधल्या वाराची सकाळ गाठा.

गुहागर हे माझ्या मते कोकणातलं सायकल शिकायचं सर्वांत चांगलं गाव. वरचा पाट, खालचा पाट अशी ही वस्ती पुळणीला समांतर लांबच लांब पसरली आहे. मधून एकच सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि आगरं. चढ नाही, पडलात तर उचलायला माणसं आहेत. आमच्या शेजारच्या एक खाला मुलीच्या सासरी गेल्या होत्या, तिथे त्यांनी पन्नाशी उलटल्यावर सायकल हातात घेतली आणि आठवड्यात चालवायला लागल्या. त्यांचा सल्ला तुम्हालाही सांगून ठेवतो. लुगडं असो, पंजाबी असो की बुरखा, साखळीत कापड अडकतं. तेव्हा बायकांनी चेनकव्हर असलेली साधी सायकल घ्यावी. गिअरवाल्या महागड्या सायकलींना ते बहुतेक नसतं.

मालवणहून तारकर्ली आणि पुढे देवबाग हा तिसरा सोपा रस्ता. तारकर्ली सात-आठ किलोमीटर, देवबाग बाराच्या आसपास. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. घरांच्या फटींतून कधी नदी दिसते, कधी समुद्र. रस्ता मात्र अरुंद आहे आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. त्याच्याही दक्षिणेला वेंगुर्ला, आरवली, शिरोडा, रेडी हा टापू थोडा पाय कमावलेल्यांसाठी. शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळेत शिकवत होते, आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रहही तिथे झाला. म्हणजे थांबायला निमित्तं भरपूर.

रत्नागिरी ते मालगुंड हा रस्ता मात्र मला जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण बसून, उठून, ढकलून हे तिन्ही प्रकार त्याच्यावर एका सकाळीत भेटतात. आरे-वारे मार्गानं गणपतीपुळे पंचवीस किलोमीटर धरा. शहर सोडून शिरगावातून साखरतरच्या पुलावर येईपर्यंत फारसं काही घडत नाही. साखरतर हे मच्छीमारांचं गाव. या नावात मला तरी होडीची 'तर' ऐकू येते. पुलावरून काळबादेवीत शिरलात, की रस्ता माडांच्या आणि घरांच्या मधून जातो, बसून. आरे गावची खाडी ओलांडली, की समोर डोंगराची कड समुद्रात घुसलेली दिसते आणि रस्ता तिच्या अंगावरून वर चढतो. इथे उठून. तुमचं वय पन्नाशीपुढे असेल तर ढकलून, आणि त्यात लाज कसली? ढकलणाऱ्याला डाव्या हाताला अख्खा समुद्र बघायला मिळतो, चढवणाऱ्याला फक्त पुढचं चाक. वर पोचल्यावर दोन्ही बाजूंचे दोन किनारे एकदम दिसतात, मागे आरे, पुढे वारे. उतारावर ब्रेक दाबून. खाली सुरूच्या झाडीत थांबा, पाणी प्या. पुढे नेवरे, भंडारपुळे या बाजूला पुन्हा चढउतार आहेत.

गणपतीपुळ्याहून मालगुंड दीड-दोन किलोमीटर. हा पुन्हा बसून जायचा. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. १८६६ साली ते इथे जन्मले. त्यांचं घर जपलेलं आहे आणि शेजारी १९९४ साली उभं राहिलेलं स्मारक आहे. कवितेची वाट खडतर असते असं आम्हा कवींना सांगायला आवडतं, पण आधुनिक मराठी कविता जिथे सुरू झाली त्या दारात जाणारा रस्ता सपाट आहे. पंचवीस किलोमीटर ज्यांना झेपणार नाहीत त्यांनी सायकल टेम्पोत घालून गणपतीपुळ्याला न्यावी आणि एवढाच तुकडा करावा. जाऊन येऊन चार किलोमीटर होतात आणि त्यात केशवसुत भेटतात.

'सगळ्यांना जमेल असा रस्ता' हे शब्द आपण सहज वापरतो. ते शब्द जरा जपून वापरायला मला माझ्या एका मित्रानं शिकवलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तो हातानं फिरवायच्या तीनचाकीवर असतो. एका हिवाळ्यात आम्ही दोघं भाट्याच्या पुलावरून पलीकडच्या सुरूबनाकडे गेलो, मी दोन चाकांवर, तो तीन. रस्ता माझ्या दृष्टीनं अगदी सोपा. मी मामूंचं ते बसून-उठून त्याला ऐकवलं. तो हसला. म्हणाला, "मी तर कायम बसूनच आहे. माझं माप निराळं. एका हाताचा रस्ता, दोन हातांचा रस्ता आणि दुसऱ्याच्या हाताचा रस्ता."

त्या दिवशी त्याच्या वेगानं जाताना मला चढ सोडून बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. वाऱ्यानं रस्त्यावर आलेली वाळू, जिच्यावरून मी सहज जातो, तिथे त्याचं चाक रुतत होतं. डांबराची कड तुटून साईडपट्टी वीतभर खाली गेलेली, त्यामुळे मागून गाडीनं भोंगा वाजवला तरी त्याला कडेला उतरता येईना. गतिरोधक. गुरं आणि मोटारसायकली अडवायला जागोजाग रोवलेले लोखंडी खांब, ज्यांच्यामधून दोन चाकं जातात, तीन जात नाहीत. यातल्या एकाही गोष्टीचा उंचीशी संबंध नाही. सायकलींच्या रस्त्यांबद्दल लिहिणारे लोक किती किलोमीटर आणि किती चढ एवढंच लिहितात. रुंदी किती, कड शाबूत आहे का, दर दोन-तीन किलोमीटरवर सावली आणि पाणी आहे का, आणि दमलं तर परत फिरायला सोपं आहे का, हे कोणी लिहीत नाही. लहान मुलाला, म्हाताऱ्याला, तीनचाकीवाल्याला चढाआधी हे लागतं. आता बॅटरीवरच्या सायकली निघाल्या आहेत. त्यांनी चढाचा प्रश्न पुष्कळ सोपा केला, पण वाळू आणि तुटलेली कड बॅटरीनं बुजत नाही.

याच ओघात खाड्या आणि पूल. किनाऱ्यानं जाणाऱ्याला मोठ्या खाड्या बोटीनं ओलांडाव्या लागतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. वाहनं वाहणारी दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तिला लोक 'जंगलजेटी' म्हणतात. सायकलवाल्याला ही बोट म्हणजे वरदान. दहा-पंधरा मिनिटं बसायला मिळतं, वारा लागतो, आणि मोटारवाला आणि आपण एकाच वेळी पलीकडे पोचतो. आयुष्यात ही बरोबरी फार ठिकाणी मिळत नाही.

आता या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळातली, म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. अलीकडच्या वर्षांत राज्य रस्ते विकास महामंडळानं रेवस-करंजा, दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. मी पुलांच्या विरोधात नाही. रात्री अडलेली बाई, छातीत कळ आलेला म्हातारा, बोट बंद झाल्यावर साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा, हे खाडीकाठच्या प्रत्येक घरानं सोसलं आहे. शेवटची बोट चुकली म्हणून रात्र धक्क्यावर काढलेली माणसं माझ्या घरातही आहेत. पूल हवेतच.

माझी काळजी दुसरी आहे. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटरचा, डोळे दिपवणारा. त्याच्यावर दुचाकीला प्रवेश नाही, आणि सायकलला अर्थातच नाही. तो द्रुतगती वाहनांसाठी आहे, तिथे ते समजू शकतं. पण दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीवर पूल होईल तेव्हा त्याच्यावरून पाववाला जाणार आहे, मासळीवाला जाणार आहे, पलीकडच्या शाळेत जाणारी मुलगी जाणार आहे. या लोकांसाठी पुलाच्या कडेला, कठड्याच्या आत, हात-दोन हात वेगळी पट्टी असेल का? आणि ती पट्टी पुलाच्या टोकाला गावच्या जुन्या रस्त्याला सोप्या उतारानं जोडलेली असेल, की पूल गावाच्या डोक्यावरून सरळ सड्यावर जाईल? पूल झाल्यावर बोटी बंद पडल्या आणि पुलावर जागा नसली, तर ज्या खाड्या आज सायकलवाला आरामात बसून ओलांडतो, त्या उद्या त्याला ओलांडताच येणार नाहीत. पट्टी मागायची ती काम चालू असताना. कठडा बसल्यावर ती कुठून काढणार? खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी आपल्या ठरावात हा एक मुद्दा घालावा, एवढीच माझी विनंती आहे. त्या मुद्द्यात तीनचाकीची रुंदीही लिहावी.

पूल होतील तेव्हा होतील. यंदाच्या हिवाळ्यात निघायचं असेल, तर वारा आणि भरती या दोन गोष्टी समजून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे शिकलो होतो, त्यांचा उपयोग इथे होतो. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असतो. अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी, आणि उलट येणाऱ्याच्या तोंडावर. जाऊन-येऊन रस्ता करायचा असेल तर आधी उत्तरेला जा आणि परतताना वारा पाठीवर घ्या. पावसाळ्यात सडे फुलतात, दिसतात सुंदर, पण जांभ्यावर शेवाळ धरतं आणि धक्के निसरडे होतात. नवख्यांनी तेव्हा टाळावं. आणि कुठल्याही ऋतूत, खाडीकडे उतरण्याआधी ब्रेक तपासा. आपल्याकडचे बरेच उतार थेट धक्क्यावर संपतात आणि धक्का पाण्यात.

पुळणीवरूनही सायकल चालते, ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. गुहागर, मुरुड-कर्दे, तारकर्ली, सगळीकडे. त्यासाठी कोळ्यांचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, त्यानंतर सहा तासांनी, साडेदहाला, ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणून पहाटे पाच-सहाला पाणी खूप आत गेलेलं असतं आणि उजाडताना लांबच लांब पुळण मोकळी मिळते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दोन्हीकडे धरावा. आमच्याकडचे दालदी हाच हिशेब चांदाच्या तारखेवर करतात. चंद्रकोर दिसल्यापासून मोजत असल्यामुळे ती तारीख तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे असते, तेवढे मिळवून घ्यायचे. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं, मग आकडा जमतो. भरती चढायला लागली की मात्र पुळण सोडा आणि रस्त्यावर या.

खारं पाणी आणि वाळू साखळीत गेली की चार दिवसांत तांबेरा धरतो. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, साखळीला तेलाचे चार थेंब सोडा, आणि मग स्वतःच्या आंघोळीचं बघा.